कोरड्या कालव्याची मापं

आमच्या बोटीची लांबी अकरा फूट चार इंच होती आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजूत पोस्टकार्डाच्या जाडीचाही फरक नव्हता. एखाद्या कोळ्याला हे सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, "ते ठीक, पण चालते का?" मात्र अशा कामात कोणाला काही विचारायचं असतं हे आम्हा दोघांच्या गावीही नव्हतं.

बांधणारे आम्ही दोघं, मी आणि माझा जोडीदार, दोघंही एकाच कारखान्याच्या टूलरूममधून बाहेर पडलेले. ज्या साच्यांवर हजारो सुटे भाग कापले जातात, ते साचे टूलरूममध्ये हातानं घडवतात. तिथं माणसाची पत त्याच्या कानशीवर. माझी पत बेताची, 'चालवून घेऊ' या सदरात मोडणारी. जोडीदाराचं तसं नव्हतं. त्यानं घासलेले दोन ठोकळे एकमेकांवर ठेवून दिव्याकडे धरले तर मधून उजेड येत नसे. परदेशी पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम त्याच्या बाकापाशी आणत, आणि हा मान वर न करता घासत राही. पाहुण्यांना तो उद्धट वाटे. तो लाजत असे.

कारखान्यात त्याला सगळे 'नागपूर' म्हणत. गाव त्याचं वर्ध्याच्या बाजूचं, पण पुणेकराच्या नकाशात औरंगाबाद संपलं की थेट नागपूर लागतं. वीस वर्षं आम्ही एकाच बाकावर समोरासमोर उभे राहिलो. मी दोन वर्षांनी मोठा, म्हणून तो मला भाऊ म्हणे आणि अहोजाहो करी. मी त्याला अरेतुरे करत असे. या एवढ्याशा फरकाचा मी जो फायदा घेतला, त्याची ही हकीकत आहे. बोट त्यात नंतर आली.

कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली ती सगळीकडे येत होती तेव्हाच. देश उघडला होता, गल्लीबोळात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, खराडीच्या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि आमच्यासारख्यांना कंपन्या हात जोडून सांगत होत्या की, आपली इच्छा असेल तर आपण जा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. वीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली, तेव्हाच उठून पळायला हवं होतं.

"सगळ्या खात्यांतून अर्ज आलेत," साहेब म्हणाले. "टूलरूममधून एकही नाही. बरं दिसत नाही ते. दोन तरी यायला पाहिजेत."

मला जायचंच होतं. आवाजाला कंटाळलो होतो, आणि देश उघडलाय म्हणजे माझ्यासाठीही काहीतरी उघडलं असणार अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पण एकट्यानं जायची हिंमत नव्हती. पोहायला शिकताना आपण जसं शेजारच्याचा हात धरून उडी मारतो, तसा मी शेजारी पाहिला. शेजारी तो होता. दुपारी डबा खाताना मी त्याला म्हटलं, "यादी आलीय. तुझं नाव आहे त्यात. स्वतःहून गेलास तर मानानं जाशील."

यादी नव्हती. तो शब्द माझ्या तोंडात कुठून आला मला आजही ठाऊक नाही.

त्यानं घास खाली ठेवला. "काहून, भाऊ? कामात काई चुकलं का माह्या?"

इथं मी काहीही म्हणू शकलो असतो. 'सगळ्यांचीच नावं आहेत' असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी काय म्हणालो? "आता कॉम्प्युटरचं युग आहे रे. साहेबांना तुझं काम पूर्वीसारखं पसंत पडत नाही, असं दिसतंय."

त्यानं त्याच आठवड्यात सही केली. अक्षर त्याचं फार सुबक.

टूलरूम बंद पडली नाही. आमच्यामागे तिथं एसी बसला, नवी यंत्रं आली, आणि ज्यांनी सह्या केल्या नव्हत्या त्या आमच्याच बरोबरच्या फिटरांना त्या यंत्रांचं शिक्षण मिळालं. आमच्यापेक्षा कच्च्या हाताची माणसं. जोडीदाराला हे सगळं कळत होतं, आणि त्यानं त्यातून एकच अर्थ काढला: ते राहिले, आपण गेलो, म्हणजे यादी खरी होती, आणि आपला हात गेला होता.

हे मला त्याच्या बायकोच्या फोनवरून समजलं. ती शेजाऱ्यांकडून बोलत होती. "भाऊजी, त्याईले घराभाईर काढा नं. दिवसभर पायरीवर बसून रायतेत. मोरीतला नळ टपकून राह्यला, तर मले म्हणतेत, कारागीर बोलाव. मले आता नाही जमत."

मी येरवड्याला गेलो. दोन खोल्या, पुढं एक पायरी. तो दाढी करून, भांग पाडून, कंपनीचा निळा शर्ट घालून पायरीवर बसला होता. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावरून जायची, त्याच्याही आधीपासून तो असा बसायचा, हे त्याच्या बायकोनं आतून हातवारे करून सांगितलं. आत नळ थेंब थेंब गळत होता. ज्या माणसानं आयुष्यभर केसाच्या निम्म्यानं धातू उतरवला, तो वायसर बदलत नव्हता.

मी तिथल्या तिथं सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "आपण बोट बांधू या."

हे कसं सुचलं तेही सांगतो. आदल्या आठवड्यात दाढ दुखत होती म्हणून दवाखान्यात बसलो होतो. तिथल्या एका मासिकात फोटो होता: परदेशातलं एक जोडपं, छोटीशी बोट, वर कापडी छत. खाली लिहिलं होतं की, ही माणसं सगळा उन्हाळा कालव्यांतून आणि तळ्यांतून अशीच हिंडतात. मी विचार केला, कालवा पुण्यालाही आहे, खडकवासल्याचं तळं आहे, आणि उन्हाळ्याची तर आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "पत्रा किती गेजचा घ्यायचा?"

मला रडू यायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "ते तू ठरव."

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत शिक्षिका, बोलणं मोजकं.

"अहो, स्वेच्छानिवृत्ती घेऊन माणसं झेरॉक्सचं मशीन टाकतात."

"आपल्या चौकात झेरॉक्सवाले पाच आहेत."

"आणि कालव्यात नावाडी एकही नाही. तो का नसेल, हा विचार आपल्याला शिवला का?"

शिवला नव्हता. पण तिला खरं कारणही सांगितलं नाही. यादीची गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती. तिनं फक्त एक अट घातली, डोक्यावर छत हवं, कारण उन्हात माझं डोकं आहे त्याहून बिघडतं. ते छत पुढं आम्हाला फार महागात पडलं.

बोट बांधली ती वारज्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी खाली आले. "पार्किंग वाहनांसाठी आहे."

"हे वाहनच आहे," मी म्हणालो.

"मग आरटीओचा नंबर दाखवा." आणि ते जिना चढून गेले. रोज संध्याकाळी उतरत, बोटीभोवती एक फेरी मारत, "अजून नंबर नाही?" एवढं विचारत आणि जात.

जोडीदार मात्र पहिल्या दिवसापासून बदलला. येरवड्याहून दोन बस बदलून सकाळी आठला हजर. आम्ही पत्रा कापला, वाकवला, रिव्हेट मारले, सांधे भरले. ज्या कडा कोणी बघणारही नव्हतं त्या तो कानशीनं घासे. सांधा बसतो का हे बघायला त्यानं टूलरूमसारखा निळा रंग लावला. दोन पत्रे दाबून उचलायचे आणि रंग सगळीकडे सारखा उठला का ते पाहायचं. बोटीसाठी असं जगात कोणी करत नसेल. आठवडाभर सोसायटीच्या भिंतींवर, जिन्यावर, लिफ्टच्या बटणांवर आमची निळी बोटं उमटलेली होती. तळाला पाणी सोडायला त्यानं पितळी बूच केलं, आट्यांचं, इतकं नेटकं की फिरवताना तेल लावल्यासारखं सरके. तो धरा म्हणाला की मी नुसतं धरत होतो. त्या महिनाभरात मी त्याला खरं सांगायला चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा त्याच्या हातांकडे बघून मिटलं.

पुलांची मापं घेतली तीही याच महिन्यात. कालवा खडकवासल्याहून निघतो आणि शहराच्या पाठीमागून हडपसरकडे जातो. त्यावर गाडीचे, पायवाटेचे, शेतावर जायचे असे कितीतरी पूल. छत किती उंच करायचं हे पुलांवर अवलंबून. कालव्याला पाणी बारमाही नसतं, पाटबंधारे खातं आवर्तनानं सोडतं: काही आठवडे सोडायचं, मग बंद. तेव्हा बंद होतं. मी म्हटलं, झकास, आत उतरून मापं घेता येतील. आम्ही सायकली काठावर टेकवल्या आणि कोरड्या कालव्यात उतरलो. सुकलेला गाळ, चपला, गणपतीची विरघळून उरलेली एक चौकट, आणि आमचा जोडीदार हातात पोलादी टेप घेऊन प्रत्येक पुलाखाली तीन ठिकाणी माप घेतोय, डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि वहीत लिहितोय. सगळ्यात बुटका पूल आठ फूट दोन इंच. बोट छतासकट चार फूट दहा इंच. "तीन फूट चार इंच मोकळी हवा राह्यते, भाऊ," तो म्हणाला. "आरामात."

मी मान डोलावली. वीस-वीस वर्षं मापं घेतलेली दोन माणसं.

एप्रिलात बोट तळ्यावर नेली. खडकवासल्याच्या फुगवट्याच्या काठी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन होती. निम्मी त्यानं बंगल्यांच्या प्लॉटना विकली होती आणि उरलेल्या निम्मीवर बसून तो विकलेल्या निम्मीकडे बघत असे. बोट बघून तो म्हणाला, "बोट हाय व्हय? मला वाटलं पान्याची टाकी घिऊन आला." मग म्हणाला, "बांदा की हितंच. आमची म्हस बी हितंच बांदतो. तिची तक्रार न्हाई."

टाकीसारखी दिसणारी ती बोट एक थेंबही गळली नाही. फक्त सरळ जात नसे. मी वल्ही मारली की उजवीकडे गोल फिरे, त्यानं मारली की सरळ जाई, आणि तरीही तो म्हणे, "तळाले कुठं तरी बाक राह्यला असंल, भाऊ." दुपारी पत्रा असा तापे की बसायची पत्र्याची फळी खाचेत फुगून घट्ट होई, त्यानं ती इतकी काटेकोर बसवली होती की संध्याकाळ होईपर्यंत हलवता येत नसे. आम्ही पाय पाण्यात सोडून डबा खायचो. समोर सिंहगड उन्हात धुरकट. पाणी रोज वीतभर मागं सरकत होतं आणि काठाला चिखलाच्या पायऱ्या पडत होत्या. तो फारसं बोलत नसे. पण एकदा कुठून तरी म्हणाला, "काल मोरीतला नळ बसवला मी."

मी म्हटलं, "बरं केलंस." आणि दुसरीकडे बघितलं. त्या दिवशी मी ठरवलं की आता सांगायचं नाही. माणूस उठून उभा राहतोय, त्याला आता कशाला? दयेचं सोंग घेतलेला भित्रेपणा दिसायला फार सज्जन असतो. मी स्वतःवर खूश होतो. इतका खूश की मीच म्हणालो, "मेमध्ये आवर्तन सुटतंय. आता कालवा."

कालव्यावरचा चौकीदार सायकलवरून आला तेव्हा आम्ही टेम्पोतून बोट उतरवत होतो. त्यानं बोटीकडे बघितलं, मग काठावरच्या फलकाकडे. "कपडे धुवायला बंदी आहे," तो वाचत गेल्यासारखा म्हणाला. "म्हशी धुवायला बंदी आहे. पोहायला बंदी आहे. बोटीचं काही लिहिलेलं नाही." त्यानं सायकल वळवली. "म्हणजे परवानगी आहे असं नाही. पण बोलायला मला कलम नाही." आणि तो निघून गेला. मी त्याला नियमाचा विजय समजलो.

पाणी फुगून वाहत होतं. तळ्यासारखं थांबलेलं नव्हतं ते. वल्ही न मारता बोट धावू लागली. काठावर बायका बंदी असलेले कपडे धूत होत्या. एक म्हातारबुवा धोतराचा सोगा सावरत ओरडले, "काय हो, स्वारगेट का?"

"हडपसर!" मी ओरडलो.

"मीटरनं की कसं?"

जोडीदार हसला. आवाज न करता, खांदे हलवून. सही केल्यानंतर मी त्याला हसताना प्रथमच पाहिलं. पहिला पूल दिसला तेव्हा तो अजून हसतच होता. मग थांबला. पुलाकडे बघत त्यानं हात उंच केला, छताला टेकवला, मग पाण्याकडे बघितलं.

"भाऊ," तो म्हणाला. "आपण पाणी धरलंच नाही."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आठ फूट दोन इंच हे माप तळापासूनचं होतं. त्यात आता पाच फूट पाणी होतं आणि आम्ही त्या पाण्यावर.

मागं जायला वेळ नव्हता. छताचे पाइप पुलाच्या कडेला धडकले, मागं वाकले, आणि ताडपत्रीसकट आमच्यावर आले. आम्ही दोघं पाठीवर पडलो. प्रवाहानं बोट पुलाखाली ढकलली आणि वाकलेले पाइप वर सिमेंटला अडकून ती तिथं घट्ट बसली, जशी त्याची फळी बसायची तशी. नाकापासून हातभर अंतरावर पुलाचा तळ. कोळिष्टकं. कानाशी पाणी गटगट करत होतं. वरून एक स्कूटर गेली आणि वाळू आमच्या तोंडावर पडली.

कोणी तरी वरून ओरडलं, "अहो, खाली काय करताय?"



"मापं मी घेतली," जोडीदार म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता. "वहीत लिवून ठेवली. तीन तीन ठिकाणी. पोरगंही विचारीन नं, पाणी आलं तं काय? मी नाही विचारलं."

"मीही नाही विचारलं."

"तुमचं सोडा. तुम्ही कधी मापात नव्हतेच." हा टोमणा नव्हता. खरं होतं. "साहेबाईनं बरोबर ओळखलं होतं, भाऊ. माहा हात गेला. यादीत नाव उगाच नाही येत. मले वाटे, त्याईचं चुकलं असंल. नाही चुकलं."

आणि तो डोळे मिटून पडून राहिला. मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. पायरीवर बसलेला माणूस परत आला होता, आणि यावेळी तो कायमचा बसणार हे मला दिसत होतं.

"यादी नव्हती," मी म्हणालो.

पाणी गटगट करत राहिलं.

"साहेबांनी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं. दोन अर्ज पाहिजेत म्हणाले. मला एकट्याला जायची भीती वाटली. मी तुला खोटं सांगितलं. तुझ्या कामाबद्दल कधी कोणी काही बोललं नव्हतं."

 असं काही सांगितल्यावर माणूस निदान उठून तरी जातो. आम्हाला ती सोय नव्हती, अंगावर छत होतं. आम्ही दोघं एकाच सिमेंटकडे बघत पडलो होतो.

"मी नाही म्हटलं असतं तं?" त्यानं विचारलं.

"तर तू आज तिथं असतास."

"मंग मलेच काहून विचारलं?"

याचं उत्तर मला माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं. "तू नाही म्हणणार नव्हतास म्हणून."

त्यानं 'हं' असा आवाज काढला. मग, जणू काही इतर बोलणं झालंच नव्हतं, तो कुशीवर वळला आणि पायाशी हात घालून पितळी बूच फिरवू लागला. "पाणी आत घेऊ. दोन इंच खाली बसली की सुटते. पाय वर घ्या."

पाणी आत आलं, थंड, मातकट. बोट हळूहळू बसत गेली. पाठ भिजली, कान भिजले. वर पाइप करकरले आणि सुटले, आणि आम्ही पुलाच्या दुसऱ्या बाजूला उन्हात बाहेर पडलो, अर्ध्या भरलेल्या टाकीत बसून. बरोब्बर दोन इंच. त्याचा हात कुठंही गेला नव्हता.

त्यानं धुण्याच्या दगडांपाशी बोट लावली. आधी तो उतरला आणि मग त्यानं मला वर घ्यायला हात दिला. सवय होती. मी वर आल्यावर त्यानं तो सोडला, ओल्या चपलांनी फचफच करत काठ चढला आणि रस्त्याकडे गेला. मी हाक मारली नाही. बोट मी तिथंच सोडली. नंतर चौकीदारानं ती ओढून नेली म्हणे; मी कधी विचारायला गेलो नाही.

दहा-बारा दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा पायरी. "भाऊजी, तुमी त्याईले काय सांगतलं?" तिचा आवाज चढलेला होता. "रोज पहाटे उठून कंपनीच्या गेटावर जाऊन उभे रायतेत. ऊन नाही पाहत, जेवण नाही पाहत. म्हणतेत, चूक झाली आहे, ते दुरुस्त करतीन."

मी गेलो. पहिल्या पाळीच्या बसेस आत जात होत्या. तो गेटच्या बाजूला उभा होता, निळा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखले. आत जाणारे ओळखीचे लोक खिडकीतून बघत आणि मग दुसरीकडे बघत. मला पाहून त्याचा चेहरा खरंच उजळला. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. या गोष्टीची तयारी नव्हती.

"आले का, भाऊ. बरं झालं. मी सांगतो तं कोणी ऐकत नाही. तुम्ही आत चलून सांगा, यादी नव्हती म्हणून."

सिक्युरिटीवाल्याच्या हातापाया पडून आत गेलो. ते साहेब केव्हाच बंगलोरला गेले होते. त्यांच्या जागी एचआरमध्ये एक तरुण मुलगी होती, फार सभ्य. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं. साहेबांनी दोन मागितले, मी खोटं बोललो, याचं नाव कुठंच नव्हतं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी कबुली देतोय आणि समोरच्या माणसाच्या दृष्टीनं तो फक्त एक जुना विषय आहे.

"सर, आय अंडरस्टँड," ती म्हणाली. "पण ही व्हॉलंटरी स्कीम होती ना. आणि सही यांचीच आहे." तिनं फाईल फिरवून दाखवली. "तुमचीच आहे ना, सर?"

"हो," जोडीदार म्हणाला. "माहीच."

"मग आता यात काही करता येणार नाही. फाईल क्लोज झालीय."

 मग पुढं वाकून त्यानं विचारलं, "कामात खोट होती, असं कुठं लिवलं आहे का त्यात?"

तिनं पानं उलटली, कॉम्प्युटरवरही पाहिलं. "नाही सर. रिमार्कचा कॉलम ब्लँक आहे."

"मंग तेवढं लिवून द्या, बाई. खोट नव्हती म्हणून. कंपनीच्या कागदावर. दुसरं काई नाही मागत."

मुलगी गोंधळली. तिला मनापासून वाईट वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. तिनं कोणाला तरी फोन लावला, हळू आवाजात बोलली, आणि फोन ठेवून म्हणाली, "सॉरी सर. तसा फॉरमॅट नाहीये आपल्याकडे."

बाहेर बसस्टॉपशेजारी चहाची टपरी होती. मी टपरीवाल्याकडून वहीचं एक पान मागून घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'यादी नव्हती. माझ्या जोडीदाराच्या कामात कधीही खोट नव्हती. मी त्याला खोटं सांगून सही करायला लावली.' खाली सही केली. आयुष्यात एवढं सरळ वाक्य मी कधी लिहिलं नसेल. कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं तो दोनदा वाचला. उन्हाकडे धरला, जणू दोन ठोकळ्यांमधून उजेड येतो का बघतोय.

"तारीख टाका," म्हणाला.

मी तारीख टाकली. त्यानं कागदाची घडी घातली, नखानं दाबून, कडेला कडा जुळवून. खिशात ठेवायला गेला आणि थांबला.

"भाऊ," त्यानं विचारलं, "हे मी आता दाखवू कोणाले?"

त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. तो वाट बघत होता. वीस वर्षं माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला एक तरी उत्तर असायचं, बहुतेक चुकीचं, पण असायचं. बस आली. तो मागच्या दारानं चढला. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी येरवड्याच्या खोल्या सोडल्या आणि गावाकडे गेले, असं शेजाऱ्यांनी मला फोनवर सांगितलं. पत्ता त्यांच्याजवळ नव्हता. माझ्याजवळही नव्हता. वीस वर्षांत मी त्याच्या गावाचं नाव कधी विचारलं नव्हतं.